टॅप करून पैसे भरण्याची सोय : पात्रता, कागदपत्रे आणि सुरू करण्याची पद्धत

कार्ड किंवा मोबाईल मशीनजवळ धरून पैसे भरण्यासाठी सहसा नवीन कागदपत्रे लागत नाहीत. खाते उघडताना ओळखपत्राची पडताळणी झालेली असते, तीच पुरते. बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर मात्र चालू हवा. बहुतेकांचे घोडे तिथेच अडते.

कार्डासाठी

कार्डावर चार वक्र रेषांचे चिन्ह आहे का ते पाहा. नसेल तर बँकेकडे बदली कार्ड मागावे लागेल. नव्या कार्डाचा नंबर किंवा मुदत बदलू शकते, त्यामुळे त्या कार्डावरून आपोआप कापली जाणारी बिले असतील तर तिथली माहितीही बदला. चिन्ह असूनही टॅप होत नसेल, तर बँकेच्या ॲपमधील कार्ड सेटिंगमध्ये ही सोय बंद आहे का ते तपासा. काही बँकांच्या नव्या कार्डावर पहिला व्यवहार कार्ड मशीनमध्ये घालून, पिन देऊनच करावा लागतो. त्यानंतर टॅप चालू होते.

कार्डात बॅटरी नसते. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते. कार्डाच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यात त्यातून वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप चालते. चिप रक्कम आणि इतर तपशील घेऊन फक्त त्या व्यवहारापुरता एक सांकेतिक कोड बनवते. तो कोणी मधेच टिपला तरी पुढच्या व्यवहाराला चालत नाही. हे सगळे साधारण चार सेंटिमीटरच्या आतच होते, म्हणून कार्ड लांबून हलवू नका, मशीनजवळ स्थिर धरा. पाकिटात दोन-तीन कार्डे असतील तर हवे ते बाहेर काढा, नाहीतर भलत्याच कार्डावरून पैसे जातील.

टॅपने कार्ड खरे असल्याचे कळते, कार्ड हातात धरणारा कोण हे कळत नाही. म्हणूनच बिनपिनच्या रकमेला मर्यादा असते. मर्यादेतले व्यवहार लागोपाठ झाले, तरी मशीन मधेच पिन मागू शकते. तो बिघाड नव्हे.

मोबाईलसाठी

फोनमध्ये एनएफसी, म्हणजे कार्डासारखेच जवळून मशीनशी जोडणारे तंत्र हवे आणि स्क्रीन लॉक लावलेला हवा. लॉक नसेल तर वॉलेट ॲप, म्हणजे फोनमध्ये कार्ड जोडून पैसे भरण्याचे ॲप, कार्ड घेतच नाही, आणि नंतर लॉक काढला तर जोडलेली कार्डे सहसा निघून जातात. रूट केलेल्या, म्हणजे कंपनीने घातलेली सुरक्षेची बंधने काढून टाकलेल्या फोनवरही ही सोय बहुधा चालत नाही. आपल्या बँकेचे कार्ड त्या वॉलेटमध्ये चालते का, हे आधी बँकेच्या यादीत बघून घ्या.

कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक भरले, अटी मान्य केल्या, की विनंती बँकेकडे जाते. फोन कितीही महागडा असो, कार्ड जोडायचे की नाही हे बँकच ठरवते. ती थेट होकार देते, नकार देते किंवा आणखी पडताळणी मागते. पडताळणीचा ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर येतो. नंबर जुना असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, आधी बँकेत नंबर बदलून घ्या. त्यासाठी मात्र ओळखपत्र आणि अर्ज लागू शकतो.

हा ओटीपी साध्या खरेदीच्या ओटीपीपेक्षा जास्त जपावा. खरेदीच्या ओटीपीने एक व्यवहार होतो. याने तुमचे कार्ड ज्याने विनंती केली त्याच्या फोनवर बसते आणि तो तिथून पुनःपुन्हा खर्च करू शकतो, कारण लॉक त्याच्या बोटाने उघडतो. त्यामुळे मेसेज पूर्ण वाचा. ‘कार्ड वॉलेटमध्ये जोडण्यासाठी’ असा मजकूर असेल आणि तुम्ही काही जोडत नसाल, तर तो कोणालाही न सांगता लगेच बँकेला कळवा.

मंजुरी मिळाली की फोनला कार्डाच्या नंबराऐवजी वेगळा टोकन नंबर मिळतो. पावतीवर शेवटचे चार आकडे वेगळे दिसतात ते त्यामुळेच. वस्तू परत करताना दुकानदाराने कार्ड मागितले तर ज्या फोनने पैसे भरले तोच पुढे करा. फोन हरवला तर बँकेला सांगून फक्त ते टोकन बंद करता येते, कार्ड चालू राहते. फोन विकण्याआधी वॉलेटमधली कार्डे काढून टाका.