ग्राफीन उजळायलाच नको होतं

अर्धवाहकावर लेसर टाकला की त्यातून प्रकाश येतो, तो बँडगॅपमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनला राहता येत नाही अशा ऊर्जांच्या फटीमुळे. वर उडालेला इलेक्ट्रॉन या ऊर्जाफटीच्या काठावर थबकतो आणि मग फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडून खाली उतरतो. ग्राफाइटच्या एकाच थराचं, म्हणजे ग्राफीनचं, गणित फिलिप वॉलेस यांनी 1947 मध्येच मांडलं होतं, आणि त्यात ही फटच नव्हती. थबकायला जागा नाही, तर ऊर्जा प्रकाश होण्याआधीच उष्णतेत जाणार.

2004 मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून असा सुटा थर मिळवला. तो पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 2.3 टक्के शोषतो, हे 2008 मध्ये मोजलं गेलं. जेमतेम एका अणूची जाडी. त्या मानाने भूक दांडगी.

2010 मध्ये कोलंबिया विद्यापीठात टोनी हाइन्झ यांच्या गटाने या थरावर 30 फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) लेसर स्पंद सोडले आणि ग्राफीन चक्क उजळलं. लेसरचा फोटॉन 1.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा, म्हणजे अवरक्त. बाहेर पडलेले फोटॉन मात्र 1.7 ते 3.5 इलेक्ट्रॉनव्होल्टचे, लालपासून थेट जांभळ्यापलीकडचे. दिलं त्याहून मोठं परत आलं! नेहमीच्या प्रतिदीप्तीत याच्या उलट घडतं.

यात ऊर्जा कुठूनही फुकट आलेली नाही. स्पंद येताच इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून मिळालेली ऊर्जा आपसात वाटून घेतात. वाटणी सारखी होत नाही. काहींच्या वाट्याला एका फोटॉनने दिली त्याहून बरीच जास्त येते. इलेक्ट्रॉनांचं तापमान हजारो अंशांवर जातं, अणूंची जाळी त्या मानाने थंडच राहते. मग जाळीची ठरावीक कंपनं, म्हणजे ऑप्टिकल फोनॉन, ही उष्णता ओढून घेतात. लागोपाठ दोन स्पंद सोडून त्यांच्यातलं अंतर वाढवत नेलं, तेव्हा ही निवण्याची क्रिया मुख्यतः शंभराहून कमी फेम्टोसेकंदांतच होते असं दिसलं. त्याच वर्षी बर्कली आणि श्टुटगार्टच्या गटांनीही असाच प्रकाश नोंदवला.

याला प्रकाशदीप्ती म्हणायची पद्धत पडली. मला ते नाव जरा फसवं वाटतं. हा तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश, वृत्तीने 1879 च्या एडिसनच्या दिव्यातल्या कार्बन तंतूचाच भाऊबंद. 2015 मध्ये तर अधांतरी ताणलेल्या ग्राफीनमधून नुसती वीज सोडून ते साध्या डोळ्यांना दिसेल इतकं पेटवण्यात आलं. खाली उष्णता शोषणारा आधारच नव्हता, त्यामुळे पट्टीच्या मध्यभागी इलेक्ट्रॉन सुमारे 2800 केल्विनपर्यंत तापले.