जनरेटर आहे ना, मग इमर्जन्सी लाइट कशाला?

सोसायटीच्या सभेत खर्चाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. जिन्यात दोन्हींचा उजेड सारखाच पडतो, म्हणून गफलत होते. जनरेटर असतो तो लिफ्ट, पंप आणि कॉमन दिवे अडू नयेत म्हणून. इमर्जन्सी लाइट असतो माणसं धडपणे खाली उतरावीत म्हणून.

वीज नेमकी कुठे गेली, यावर सगळं ठरतं. बाहेरचा पुरवठा गेला तर पॅनेलला ते कळतं आणि जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो. (पॅनेल ऑटोमॅटिक असेल तर. नाहीतर वॉचमन आधी किल्ली शोधतो.) पण समजा, सातव्या मजल्यावर शॉर्टसर्किट होऊन फक्त जिन्याचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला. मेन पॅनेलवर तिन्ही फेज व्यवस्थित, त्यामुळे जनरेटर ढिम्म. जिन्यात मात्र मिट्ट काळोख. शिवाय बहुतेक इमारतींत जनरेटरची वीज वर जाते ती त्याच डक्टमधल्या (केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतल्या) त्याच केबलने. आग डक्टमध्येच लागली, तर टाकीभर डिझेल असून काय करायचं?

इमर्जन्सी लाइटची बॅटरी दिव्याच्या पेटीतच असते. ती जिन्याच्याच सर्किटवर चार्ज होते, पण बटणाच्या आधीच्या फेजवरून. ती फेज गेली की दिवा आपोआप लागतो. वायरमनने तो बटणानंतर जोडला, तर वॉचमन रोज सकाळी दिवे बंद करणार आणि बॅटरी रोज रिकामी होणार. अशी बॅटरी वर्षभरही धड टिकत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेला या दिव्याकडून किमान 90 मिनिटं उजेड हवा असतो. टेस्टचं बटण दाबून ते कळत नाही. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा दोन-चार सेकंद काढते. एमसीबी पाडायचा आणि दीड तास थांबायचं, हीच खरी चाचणी. ती दिवसाउजेडी करावी, आणि दोन जिने असतील तर एका दिवशी एकच, कारण रिकामी बॅटरी भरायला साधारण 24 तास जातात. जनरेटरचं त्या मानाने सोपं: डिझेल, ऑइल, स्टार्टरची बॅटरी पाहायची आणि अधूनमधून लोड देऊन चालवायचा.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. त्या वेळी दीड तासाच्या आत कोणकोणत्या मजल्यावरचे दिवे विझले, याची यादी एजन्सीकडून लेखी मागून घ्या.