शब्दाला नऊ शिलिंग चार पेन्स

१८९० साली सिडनीहून लंडनला तार करायची तर एका शब्दाला नऊ शिलिंग चार पेन्स पडत. सिडनीतल्या कुशल कारागिराचा दिवसाचा रोज साधारण तेवढाच. 'माल रवाना केला' एवढंच कळवायला तीन दिवसांची मजुरी! व्यापाऱ्यांनी त्यावर तोडगा काढला होता. सांकेतिक शब्दांच्या जाडजूड पुस्तकात एकेका शब्दाला अख्खं वाक्य नेमून दिलेलं असे, आणि दोन्ही टोकांना तेच पुस्तक उघडून बसायचं.

एवढा दर का? तार ज्या वाटेने जाई ती बघा. सिडनी, अ‍ॅडलेड, तिथून वाळवंटातून थेट पोर्ट डार्विन. ही जमिनीवरची लाइन चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीने १८७२ साली एकटीने पुरी केली. पुढे समुद्राखालून जावा, सिंगापूर, पेनांग, मद्रास. मद्रासहून मुंबईपर्यंत भारत सरकारच्या तारा, आणि मुंबईहून पुन्हा समुद्रात: एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर. वाटेतला प्रत्येक मालक आपला वाटा कापून घेई. त्यातला मोठा हिस्सा समुद्री तारांच्या कंपन्यांचा, आणि या कंपन्यांचे सूत्रधार जॉन पेंडर.

समुद्रातली तार म्हणजे तांब्याची वाहिनी, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचं वेष्टण, आणि बाहेर खारं पाणी. विजेच्या दृष्टीने हा एक लांबलचक धारित्रच, म्हणजे वीज साठवून धरणारं साधनच झाला. एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला ठोका म्हणून पोचत नाही, पसरट होत जातो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५०च्या दशकात दाखवून दिलं की हा पसरटपणा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट लांब केली की संदेश चौपट सावकाश पाठवावा लागतो, नाहीतर एक खूण दुसरीत मिसळते. म्हणून मधे मधे ठाणी. तिथला कारकून कागदी पट्टीवरची शाईची थरथरती रेघ वाचायचा आणि तोच मजकूर पुढच्या तारेवर पुन्हा वाजवायचा.

पण गंमत अशी की एकदा तार टाकली, ठाणी बसवली, की आणखी एक शब्द पाठवायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च सगळा आधीच झालेला. म्हणजे तार जोवर मोकळी आहे, तोवर दर किती हा प्रश्न विज्ञानाचा उरत नाही. दर उतरवला आणि गिऱ्हाईक वाढलं नाही, तर खड्डा कुणी भरायचा, एवढाच वाद.

ऑस्ट्रेलियात तेव्हा एक देश नव्हता, सहा वसाहती होत्या, आणि प्रत्येकीचं टपालखातं वेगळं. बऱ्याच घासाघिशीनंतर १ मे १८९१ पासून दर चार शिलिंगांवर आला. पेंडर यांची अट मात्र पक्की होती. आधीच्या उत्पन्नात जी तूट येईल तिचा निम्मा भाग वसाहतींनी सोसायचा. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवरच्या लाइनला तोटा आला तर तोही वाटून घ्यायचा. कंपनीचा अर्धा धोका सरकारी तिजोरीवर गेला, आणि गिऱ्हाईक वाढलं तर ते कंपनीचंच. आवळा देऊन कोहळा काढावा तो असा.

शब्दांची संख्या वाढली, पण साधारण दीडपट. आता ढोबळ हिशेब करू. बारा पेन्सांचा एक शिलिंग, म्हणजे आधीच्या शंभर शब्दांचे ९३३ शिलिंग. नंतरच्या दीडशे शब्दांचे सहाशे. उत्पन्न एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. जुन्या आकड्याशी बरोबरी साधायला २३३ शब्द लागले असते. तेव्हा १८९३ च्या सुरुवातीला दर चार शिलिंग नऊ पेन्सांवर चढवावा लागला. क्वीन्सलंड या करारात आलंच नव्हतं. दुसऱ्या वसाहतीच्या लाइनचा तोटा आपण का भरायचा, हा प्रश्न माझ्या मते अगदीच आडमुठा नव्हता.

पेंडर यांच्या वाटेला फाटा देणारी तार पॅसिफिकमधून टाकावी, असा धोशा कॅनडात अभियंते सॅन्डफर्ड फ्लेमिंग यांनी वर्षानुवर्षं लावला होता. शेवटी ती तार सरकारांनीच भागीदारीत टाकायची ठरलं. भांडवल आणि तोटा, दोन्हींचे अठरा भाग: ब्रिटनचे पाच, कॅनडाचे पाच, आणि न्यूझीलंड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड यांचे प्रत्येकी दोन. कॅनडाच्या व्हॅन्कूव्हर बेटापासून पॅसिफिकमधल्या फॅनिंग बेटापर्यंतचा पहिलाच टप्पा ३,४०० सागरी मैलांहून लांब, आणि मधे ठाणं बांधायला ब्रिटिश मालकीची जमीनच नाही. थॉमसन यांचा वर्गाचा नियम इथे पुरता आडवा आला. उपाय एकच, वाहिनी जाड करणं. दर सागरी मैलाला ६०० पौंड वजनाचं तांबं घालावं लागलं.

कंपनीही स्वस्थ बसली नाही. दक्षिण आफ्रिकेकडून ऑस्ट्रेलियाला नवी तार टाकते आणि दर उतरवते, बदल्यात आमची कचेरी तुमच्या शहरात उघडू द्या, असा प्रस्ताव तिने वसाहतींपुढे ठेवला. १९०० मध्ये तीन वसाहतींनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी न्यू साउथ वेल्सनेही केली, म्हणजे पॅसिफिकच्या तारेची भागीदारच प्रतिस्पर्ध्याला सिडनीत दुकान थाटू देती झाली. कॅनडात संताप उसळला. ऑक्टोबर १९०२ च्या अखेरीस पॅसिफिकची तार पुरी झाली. शब्दाला तीन शिलिंग दर ठरला, कंपनीही तिथवर उतरली, आणि सुरुवातीच्या वर्षांचा तोटा भागीदारांनी मुकाट्याने अठरा भागांत वाटून घेतला.