दाण्यात झिंक भरायचं असेल तर दुसरी पिशवी उशिराच मिळेल

झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत, घेणाऱ्या ग्राहकांचा दर हंगामात एकच तगादा असतो: पैसे पूर्ण घेता, मग झिंक सल्फेट निम्मंच का देता? उरलेला माल आम्ही पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना, पाठवतो. यात अडवणूक नाही. सगळ्या पिशव्या एकदम दिल्या तर त्या सगळ्या लवकरच संपतात, आणि काढणीनंतर धान्याचा तपासणी अहवाल आमच्या टेबलावर येतो: "झिंक वाढलंच नाही."

अहवाल आणणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, फवारणी कधी केली? उत्तर ठरलेलं असतं: पानं पिवळी दिसली तेव्हा, फुटवे येताना, तणनाशकाबरोबरच. तेव्हा मारलेलं झिंक अगदीच वाया जात नाही. पानं हिरवी होतात, कमतरतेच्या जमिनीत उताराही वाढतो. पण त्यातलं बरंचसं पानाखोडातच राहतं आणि पीक वाढेल तशी त्याची तीव्रता घटत जाते. ओंबी किंवा लोंबी बाहेर पडताना एक आणि दाणा दुधाळ असताना दुसरी, अशा दोन फवारण्या केल्या तर पानावरचं झिंक साखरेच्या प्रवाहाबरोबर भरणाऱ्या दाण्याकडे जातं. गव्हावरच्या प्रयोगांत उशिराच्या फवारणीने झिंक नुसतं कोंड्यात न राहता दाण्याच्या आतल्या पांढऱ्या भागातही वाढलेलं दिसलंय. कोंडा काढून खाणाऱ्यांसाठी हीच मोठी गोष्ट आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जिथे पोट मुख्यतः धान्यावरच भरतं तिथे झिंक कमी पडतं. मुलांची वाढ खुंटते, जुलाब लवकर थांबत नाहीत, प्रतिकारशक्ती घटते. त्यात धान्यातलं फायटेट हे नैसर्गिक द्रव्य झिंकला धरून ठेवतं, म्हणून अंगी लागतं ते आणखी थोडं. गव्हाच्या दाण्यात किलोमागे साधारण २० ते ३५ मिलिग्रॅम झिंक असतं. ते ४० च्या पुढे नेणं हे आपलं काम.

जमिनीतून दिलेलं पुरणार नाही का, असंही विचारतात. मातीतलं पिकाला मिळू शकणारं झिंक मोजणाऱ्या डीटीपीए चाचणीत ०.६ पीपीएमच्या (किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमच्या) खाली आकडा असेल तर जमिनीतून द्याच. तुर्कस्तानात मध्य अनातोलियातल्या गव्हाचं उत्पादन १९९० च्या दशकात झिंकयुक्त खतांनी चांगलं वाढलं. दाण्यातलं प्रमाण वाढवायला मात्र वरून फवारणी लागतेच. आणि हेही आधीच सांगतो: जमिनीत झिंक पुरेसं असेल तर या फवारणीने पोती वाढणार नाहीत, धान्याचा कस वाढेल.

मात्रा पिशवीवरचा टक्का वाचून घ्या. २१ टक्केवालं लिटरला ५ ग्रॅम, ३३ टक्केवालं साधारण ३ ग्रॅम. ऊन उतरल्यावर फवारा. २ टक्के युरिया सोबत चालतो, आणि नत्र पुरेसं असलेल्या पिकात झिंक दाण्याकडे चांगलं सरकतं. स्फुरदयुक्त विद्राव्य खत मात्र त्याच टाकीत नको. पांढरा साका तळाशी बसतो, नोझल तुंबतं आणि दोन्ही खतं फुकट जातात. शंका असेल तर आधी काचेच्या ग्लासात थोडं कालवून पाहा.

लोहाची फवारणीही मागतात. आम्ही ती दाण्यासाठी विकत नाही, कारण पानावरचं लोह दाण्यात फारसं पोहोचत नाही. त्यासाठी लोहसमृद्ध वाण निवडा. सेलेनियम या दुसऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्याचं उलट आहे, ते सहज पोहोचतं. फिनलंडमध्ये १९८० च्या दशकापासून ते देशभरच्या खतांत मिसळलं जातं. पण पुरेसं आणि घातक यांत अंतर फार कमी, म्हणून माती आणि धान्याचा अहवाल पाहिल्याशिवाय आम्ही सेलेनियम देत नाही.

पेरणीची तारीख आणि वाण नोंदवलंत की दुसरी पिशवी केव्हा निघेल ते आम्हीच कळवू. शेतात एक पट्टा बिनफवारणीचा सोडा आणि दोन्हीकडचं धान्य वेगवेगळं तपासा. तुलना केल्याशिवाय फरक कळत नाही. नमुना मातीवर झोडपलेला नको, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या डब्यात तर मुळीच पाठवू नका, डब्याचंच झिंक अहवालात उतरतं. स्वच्छ कागदी पाकीट पुरे. आमच्याकडे मागितलंत तर पिशवीसोबत देतो.