उर्मट पोरगं, प्रियेचे डोळे आणि एकच हिब्रू धातू

जुन्या हिब्रूत 'रहव' नावाचा एक धातू आहे, रेश, हे, बेथ ही ३ अक्षरं. डिक्शनरीत बघितलं तर अर्थ सापडतो उर्मटपणे वागणं, अंगावर धावून जाणं. पण हे क्रियापद अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये फक्त ४ ठिकाणी येतं, आता ४ वाक्यांवरून अर्थ काढायचा म्हणजे अवघडच काम, त्या काळचा बोलणारा कोणी विचारायला मिळणार नाही ना.

यशया ३:५ (म्हणजे बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला तिसरा अध्याय, पाचवी ओवी) सोपं आहे. यरुशलेमची घडी पार विस्कटलीय, शहाणीसुरती माणसं उरली नाहीत आणि पोरगं म्हाताऱ्याच्या अंगावर जातंय. इथे उर्मटपणा फिट बसतो. नीतिसूत्रे ६:३ मध्ये मात्र कोणाला तरी जामीन राहून अडकलेल्या माणसाला सल्ला दिलाय की जा, आधी पडतं घे आणि मग त्याचा पिच्छा सोडू नकोस. हा माज कुठला, हा तर तगादा झाला!

खरी मजा गीतरत्न ६:५ मध्ये. प्रियकर म्हणतो, तुझे डोळे माझ्यावरून वळव, ते मला 'रहव' करतात. डोळे काय भांडणार? जुन्या ग्रीक भाषांतरात इथे चक्क 'पंख फुटवले' अशा अर्थाचं क्रियापद आहे, म्हणजे त्या मंडळींना तिथे भांडण दिसलंच नाही, दिसली ती जिवाची उलघाल. आणि स्तोत्र १३८:३ मध्ये देव हाक ऐकून माणसाच्या जिवात बळ चढवतो, तिथेही हेच क्रियापद. या शेवटच्या दोन जागी रूप प्रयोजक आहे, आपल्या 'करणं-करवणं'सारखं, म्हणून 'उसळणं'चं 'उसळवणं' झालंय.

अशा वेळी अभ्यासक शेजारच्या भाषांत डोकावतात. अक्कादी या हिब्रूच्या नात्यातल्या, प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेत 'रआबू' म्हणजे थरथरणं, रागाने पेटणं. मधला 'ह' कुठे गेला म्हणाल तर अक्कादीत तो गळूनच गेला होता. मला विचाराल तर मूळ अर्थ उसळून चालून जाण्याचा असावा, आणि उर्मटपणा, तगादा, प्रेम की हिंमत हे कोण कोणावर उसळतंय त्यावरून ठरतं. याच धातूपासून 'रहव' हे समुद्री राक्षसाचं नाव आलंय, ईयोब २६:१२ मध्ये देव समुद्र खवळवतो की शांत करतो यावर वाद आहे, पण रहवला मात्र ठेचतोच. यशया ३०:७ मध्ये तर वेळेवर मदतीला न येणाऱ्या इजिप्तलाच टोमणा म्हणून हे नाव चिकटवलंय.

(बायबलमध्येच यरीहो शहरातली राहाब नावाची बाई येते, ती वेगळी हं, तिच्या नावात घशातला 'ह' आहे आणि धातूचा अर्थ रुंद असणं. देवनागरीत लिहिलं की हा फरक दिसतच नाही.)

आजच्या हिब्रूत मात्र गीतरत्नातलाच अर्थ जास्त चालतो. इस्रायलमध्ये अश्दोदच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या मराठी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू लोकांना समुद्रावरचा सूर्यास्त आवडला तर ते हिब्रूत 'मरहीव' म्हणतील, म्हणजे एकदम भारी.