कोळशाच्या खाणीत दुसरा स्फोट धुळीचा असतो

खाणीत स्फोट झाला की बातमीत मिथेनचं नाव येतं. मिथेन असतोच. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत तो दबून बसलेला असतो आणि कोळसा फोडला की बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी पुरते. पण एवढ्यावर थांबलं, तर एका टोकाला पेटलेल्या वायूने कित्येक किलोमीटर दूरची माणसं का मरतात, हे कळत नाही.

त्याचं उत्तर जमिनीवर, भिंतींवर आणि छताच्या आधारांवर साचलेल्या धुळीत आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या कोळशाच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन दळून १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण केले, तर एक अब्ज कण होतात आणि पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटरवर जातं. कोळसा तेवढाच, पण ऑक्सिजनला भिडणारी जागा हजारपट. म्हणून सावकाश जळणारा कोळसा धूळ होऊन हवेत उडाला की क्षणात पेटतो.

आता ही धूळ उडवतं कोण? मिथेनचा पहिला, कदाचित छोटासाच स्फोट. त्याची दाबलहर ज्वाळेच्या पुढे धावते आणि वाटेतली धूळ उचलते. मागून येणारी ज्वाळा ती पेटवते. त्या जळण्याने लहरीला नवं बळ मिळतं, ती आणखी पुढची धूळ उचलते. म्हणजे स्फोट स्वतःचं इंधन स्वतःच वाटेत पसरवत जातो. बोगदा अरुंद असल्याने दाबाला बाजूला पसरायला वाव नसतो.

इंग्लंडमधल्या हॅस्वेल खाणीतल्या १८४४ च्या स्फोटानंतर मायकेल फॅरडे आणि चार्ल्स लायेल या शास्त्रज्ञांनी धुळीकडे बोट दाखवलं होतं. त्याकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणींत धुळीच्या स्फोटाने १,०९९ जण मेले.

स्फोटातून वाचलेल्यांना पुढे कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळण्यातून तयार होणारा विषारी वायू, गाठतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. अंगावर जखम नसलेली प्रेतं सापडली की बाधा, कोप, दैव असलं बोललं जातं. हे थांबलं पाहिजे, कारण दैवाची चौकशी होत नाही आणि खाणीतली हवा खेळती ठेवण्यात कुचराई करणारे सुटतात.

धुळीवरचा उपाय अगदी साधा आहे: बोगद्यात चुनखडीची भुकटी पसरणं. स्फोटाची तीच दाबलहर कोळशाच्या धुळीबरोबर ही भुकटीही उडवते. भुकटी जळत नाही, फक्त उष्णता शोषते, आणि पुरेशी असेल तर ज्वाळा पुढे सरकत नाही. अडचण अशी की उत्पादन चालू असताना तिच्यावर रोज नवी काळी धूळ बसते, आणि लहर आधी वरचाच थर उचलते. म्हणून खाली कितीही भुकटी असली तरी वरचा पातळ काळा थर पुरेसा घातक असतो. भुकटी पुन्हा पुन्हा मारावी लागते, आणि घाईच्या पाळीत टाळलं जातं ते नेमकं हेच काम.