डबीर

डबीर : फार्सी ‘दबीर’ (लेखक, पत्रलेखक) या शब्दाचे मराठी रूप. शिवकालात परराज्यांशी होणारा पत्रव्यवहार व वकिलाती पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे हे पदनाम होते. महाराष्ट्रात त्याचे आडनाव झाले. इतरत्र ते किताब, उपनाम व क्वचित स्थलनाम म्हणून आढळते.

शब्दाचा उगम बराच मागे जातो. मातीच्या लेखपाटीला सुमेरी भाषेत ‘दुब’ म्हणत. तोच शब्द अक्कदी व एलामी भाषांतून प्राचीन इराणीत ‘दिपि’ (लेख) असा आला. इराणचा प्राचीन सम्राट पहिला दार्युश याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात तो आहे. अशोकाच्या लेखांत गिरनारला ‘लिपि’ असे जेथे येते, तेथे वायव्येकडील शाहबाजगढी येथे ‘दिपि’ आढळते. या ‘दिपि’पासून मध्य इराणीतील ‘दिबीर’ व पुढे ‘दबीर’ सिद्ध झाला. शब्दाच्या उत्तरार्धाबद्दल एकमत नाही; ‘वाहणारा, बाळगणारा’ हा अर्थ त्यातल्या त्यात अधिक पटण्यासारखा आहे.

संस्कृतातही ‘दिविर’ (लेखनिक) हा शब्द आहे. तो स्वतंत्र की इराणीतून उसना, याविषयी मतभेद झाले आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने उसनवारीची बाजू बळकट दिसते. पहिल्या अक्षरातील इकार येथे महत्त्वाचा आहे. ‘दिविर’मध्ये मध्य इराणी रूपाचा इकार टिकून आहे, ‘दबीर’मध्ये तो गेला आहे. म्हणजे एकच शब्द भारतात दोनदा आला : एकदा इस्लामपूर्व काळात व दुसऱ्यांदा फार्सी दरबारांबरोबर. गुजरातेतील वलभीच्या मैत्रक राजांच्या सातव्या शतकातील ताम्रपटांत लेखक म्हणून स्कंदभट याचे नाव येते. तो ‘दिविरपति’ (लेखनिकांचा प्रमुख) असून संधिविग्रहाचा (परराज्यांशी तह व युद्ध यांचा) अधिकारीही आहे. दानपत्र संधिविग्रहकाने लिहावे, असे वचन मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेतही उद्धृत केले आहे. लेखणी व परराष्ट्रव्यवहार एकाच हाती असणे ही रीत त्यामुळे शिवकालाहून किमान हजार वर्षे जुनी ठरते. काश्मीरमध्ये मात्र शब्दाला वाईट वास लागला. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने नर्ममाला या उपहासकाव्यात दिविरांच्या लाचखोरीवर कडाडून टीका केली आहे.

मराठी रूपातील डकार लक्षणीय आहे. दोला–डोलणे, दंश–डसणे यांत दकाराचा डकार दिसतो. पण दफ्तर, दरबार, दिवाण या फार्सी शब्दांत दकार कायम राहिला. तेव्हा हा बदल नियम म्हणून सांगता येत नाही.

शहाजीराजांच्या व नंतर शिवाजी महाराजांच्या सेवेतील सोनोपंत डबीर हे या पदावरील सर्वांत परिचित नाव होय. जानेवारी १६६५ मध्ये महाबळेश्वर येथे जिजाबाईंबरोबर त्यांचीही सुवर्णतुला झाल्याचे सांगतात. त्र्यंबक सोनदेव डबीर १६६६ मध्ये आग्र्याला गेले होते. महाराजांच्या सुटकेनंतर रघुनाथ बल्लाळ कोरडे यांच्यासह ते कैदेत पडले. राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) पदनामांना संस्कृत रूपे देण्यात आली व डबीराचा ‘सुमंत’ झाला. त्या वेळच्या याद्या सर्वस्वी सारख्या नाहीत. बहुतेकांत सुमंत म्हणून रामचंद्र त्र्यंबक यांचे नाव येते व तेच ग्राह्य वाटते. सोनोपंत, त्र्यंबक सोनदेव, रामचंद्र त्र्यंबक ही नावे ओळीने वाचली की पद घराण्यात कसे मुरले, हे उघड होते. राजदफ्तरातून शब्द गेला, पण तोवर तो कुळाला चिकटला होता. चिटणीस, पोतनीस, पारसनीस या आडनावांचा मार्गही हाच. त्यांच्या तुलनेत डबीर हे आडनाव विरळ आहे.

बंगालचा सुलतान हुसेनशाह (कार. सु. १४९४–१५१९) याच्या दरबारात ‘दबीर खास’ ही पदवी होती. चैतन्यांचे शिष्य रूप व सनातन गोस्वामी हे बंधू पूर्वाश्रमी तेथे अधिकारी होते. रूप यांना ‘दबीर खास’ व सनातन यांना ‘साकर मल्लिक’ म्हणत, असे सामान्यतः मानतात. काही ग्रंथांत ही विभागणी उलट आहे. १८५० मध्ये बहादुरशाह जफर याने कवी गालिब यास ‘दबीर-उल-मुल्क’ हा किताब दिला. लखनौचे मर्सियाकार (शोककाव्य रचणारे कवी) मिर्झा सलामत अली (१८०३–७५) यांचे ‘दबीर’ हे तखल्लुस (कविनाम). दुसरे मर्सियाकार मीर अनीस यांच्याशी त्यांची स्पर्धा इतकी गाजली, की रसिकांत ‘अनीसिये’ व ‘दबीरिये’ असे तट पडले. हैदराबादच्या तटबंदीच्या उरलेल्या वेशींपैकी एक दबीरपुरा दरवाजा होय.

आजच्या इराणमध्ये ‘दबीर’ म्हणजे माध्यमिक शाळेतील शिक्षक, तसेच एखाद्या संस्थेचा सचिव. फार्सी काव्यात बुध ग्रहाला ‘दबीर-ए-फलक’, म्हणजे आकाशाचा लेखनिक, असे विशेषण आहे.